कानातला आवाज : सांगायचा की सोसायचा?

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात सतत शिट्टी वाजते, किरकिर होते, कधी वारं घोंगावतं. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात त्याला कर्णनाद म्हटलं आहे आणि सुश्रुतसंहितेत कानाचे जे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत तो येतो. म्हणजे दुखणं जुनं आहे. जगभरच्या पाहण्यांची बेरीज करून युरोपातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला : ७४ कोटींहून अधिक प्रौढांना हा आवाज ऐकू येतो आणि त्यांतल्या सुमारे १२ कोटी माणसांचं जगणं त्याने खरोखर अवघड करून टाकलं आहे. तरीही शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, बायकोच्या कानात हे चाललं आहे याचा घरच्यांना पत्ता नसतो. सूज दिसत नाही, ताप मोजता येत नाही, आणि तो आवाज दुसऱ्याला ऐकवताही येत नाही.

त्याच्यासोबत राहायचं कसं, याबद्दल दोन मतं हटकून कानावर येतात. एक मत सांगतं की त्याचं नाव काढू नका, कामात राहा, आपोआप विसराल. दुसरं मत सांगतं की एकटे कुढू नका, बोला, मदत घ्या. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हींकडे तथ्य आहे, आणि नको त्या वेळी नको तो सल्ला पदरात पडला तर माणसाचे फार हाल होतात. म्हणून या दोन मतांना मी समोरासमोर बसवलं आहे. मामा इचलकरंजीत तीसेक वर्षं यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, होते. त्यांच्या दोन्ही कानांत वीस वर्षांपासून आवाज आहे. भाची कोल्हापुरात बँकेत आहे, आणि तिच्या डाव्या कानात तो आल्याला दोन वर्षंही झालेली नाहीत. हे दोघे माझ्या कल्पनेतले आहेत. त्यांचं बोलणं मात्र, ज्या घरात असा कान आहे तिथं आज ना उद्या होणारं आहे.

भाची : मामा, तुमच्या कानात अजून वाजतं?

मामा : वाजत नव्हतं. तू विचारलंस आणि लागलं वाजायला. सकाळपासनं पेपर वाचला, दूध आणलं, नातवाला शाळेत सोडून आलो, कानाची आठवणसुद्धा न्हाई. बघ, हेच माझं म्हणणं आहे. विषय काढला की ते जागं होतंय. आणि तुझी आई सांगत होती की तू कुठल्याशा गटात जातीस. कानात वाजणारी माणसं एकत्र बसून कानाबद्दलच बोलतात म्हणे. कशाला गं?

भाची : झोप लागावी म्हणून जाते.

मामा : बोलून झोप लागती?

भाची : मला लागायला लागली. आधी लागत नव्हती. एका सकाळी उठले तर डावा कान गच्च बसलेला आणि आत बारीक शिट्टी. पाण्याचा कान झाला असेल, सर्दी असेल असं वाटलं. दवाखान्यात गेले, तिथंही सर्दीच म्हणाले, थेंब दिले आणि दहा दिवसांनी या म्हणाले. दहा दिवसांनी कानाची तपासणी झाली तेव्हा कळलं की आतली नसच गेलेली आहे. असं अचानक ऐकू येईनासं झालं तर पहिल्या काही दिवसांतच स्टेरॉइड सुरू करायचं असतं. दोन आठवडे उलटले की गेलेलं परत यायची आशा कमी होत जाते. माझं थोडं आलं, बरंच राहिलं. शिट्टी तर राहिलीच. मग विचारलं, आता या आवाजाचं काय करायचं? तर मान वर न करता उत्तर मिळालं, सवय करून घ्या.

मामा : मग खोटं काय सांगितलं? मी काय केलं? सवयच केली.

भाची : खोटं नाही सांगितलं. पण सवय करायची कशी, ते सांगितलं नाही. किती दिवस लागतील, रात्री तीनला छातीत धडधडायला लागलं तर काय करायचं, हा आवाज वाढत जाऊन वेड लागेल का, यातलं काहीच नाही. दार लोटून घेतल्यासारखं ते एक वाक्य.

इथं मी दोघांचं बोलणं थांबवून थोडं सांगतो. मामा म्हणतात ते विज्ञानाला धरून आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. कान चांगले असलेल्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. काही मिनिटांत ९४ टक्के जणांनी काही ना काही ऐकू आल्याचं लिहिलं : गुणगुण, ठोके, शिट्टी. म्हणजे अशा आवाजाची कुजबुज जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात असते, बाहेरच्या गलक्यात ती हरवलेली असते इतकंच. पुढे १९८४ मध्ये लंडनच्या हॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९९० मध्ये पावेल जास्त्रेबॉफ यांनी मांडलं की ज्या आवाजाला काही अर्थ नाही, ज्याच्यापासून धोका नाही, त्याच्याकडे लक्ष देणं मेंदू हळूहळू सोडून देतो. मात्र एकदा त्या आवाजाला भीती चिकटली की मेंदू त्याच्यावर पहारा ठेवतो, आणि पहाऱ्यावरच्याला झोप कुठली. कानातला आवाज यंत्राने जुळवून मोजला तर तो बहुतेकांत अगदी बारीक निघतो, आणि आवाज किती मोठा आहे यावरून माणूस किती त्रासला आहे याचा नीट अंदाज येत नाही. त्रास किती, हे भीती ठरवते. आता पुढचा प्रश्न असा की ती भीती जाते कशाने? मामा-भाचीचं खरं भांडण तिथं आहे.

मामा : भीती कशाची? मी तर कधी भ्यालो न्हाई.

भाची : तुम्हाला तो आवाज कुठून आला हे माहीत होतं. तुमच्या आवाजाला कारण होतं.

मामा : कारण तर होतंच. एका शेडमध्ये चोवीस माग. प्रत्येक मागावर धोटा इकडनं तिकडं फेकला जातोय, मिनिटाला शंभराच्या वर फटके, आणि वर पत्रा. नवा माणूस पहिल्या दिवशी डोकं धरून बाहेर यायचा. बोलायचं म्हणजे ओठ बघायचे आणि हात बघायचे. बीम संपत आला की असा हात फिरवायचा. आणि जॉबरला तर मागात काय बिघडलंय ते कानाने कळायचंच न्हाई. मी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचो. फटका कुठं हलका पडतोय, कुठं कडक, ते हाताला समजायचं. डोळे मिटून सांगायचो, ह्याची पट्टी ढिली झालीया.

भाची : असल्या शेडमध्ये आवाज ९०-९५ डेसिबलच्या पुढे, कधी शंभरापर्यंत जातो. आठ तासांच्या पाळीसाठी ८५ च्या पुढे कानाला धोका मानतात. आणि तुम्ही कधीकधी बारा तास उभे.

मामा : कापूस घालायचा एखादा कानात. सुताचा.

भाची : त्याने काही होत नाही मामा. कानाच्या आत, शंखासारख्या नळीत, पंधरा-सोळा हजार नाजूक केसपेशी असतात. गोंगाटाने आधी त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग तेवढ्या पट्ट्यातला आवाज मेंदूकडे पोचेनासा होतो. आमच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी मला असं समजावलं : सांगली केंद्र नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि मग नुसती खरखर मोठी होते. मेंदू तेच करतो. आपल्याला ऐकू येते ती त्याने वाढवलेली खरखर.

मामा : म्हणजे दुखणं कानात न्हाई.

भाची : सुरुवात बहुतेक वेळा कानात असते, पण वाजतं डोक्यात. हे कळलं त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली. मला वाटत होतं की कानात अजून काहीतरी तुटतंय आणि त्याचाच हा आवाज.

मामा : बरं, तुला बाईंनी सांगितलं, भीती गेली. मग गट कशाला? घरी बस, कामाला लाग. रात्री पंखा लाव. मी वीस वर्षं पंखा लावून झोपतोय, थंडीतसुद्धा. तुझी मामी दोन गोधड्या घेती. लाइट गेली की उठून बसतो.

भाची : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मामा : कोण सांगतंय? एकदा लोडशेडिंगमध्ये कळलं. पंखा थांबला आणि माग चालू झाले.

मामांना जे अंधारात सापडलं, तेच अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १९७० च्या दशकात एका कारंज्याजवळ सापडलं होतं. कानावर संशोधन करणारे जॅक व्हर्नन आणि कानातल्या आवाजाने बेजार झालेले डॉक्टर चार्ल्स युनिस फिरायला गेले होते. युनिस कारंज्यापाशी थांबले ते हलेचनात. किती दिवसांनी आवाज ऐकू येत नव्हता. त्यातून व्हर्नन यांनी कानात घालायची आवाजाची यंत्रं बनवायला घेतली, आणि याच दोघांच्या धडपडीतून अमेरिकेतली टिनिटसची संघटना उभी राहिली. मला या गोष्टीतली एक बाजू मोलाची वाटते. उपाय दोघांनी मिळून पाहिला. युनिस एकटे असते तर कारंज्यापाशी बसून घरी गेले असते.

भाची : पंखा बरोबरच आहे. फक्त बाई म्हणतात, बाहेरचा आवाज आतल्या आवाजाला पुरता झाकेल इतका मोठा ठेवायचा नाही. आतला किंचित ऐकू येत राहिला तर मेंदूला त्याची सवय होणार. झाकूनच टाकला तर सवय कशाची होईल?

मामा : हे पटलं. पण तू तर उलटंच करतीस. मघाशी तुझ्या मामीच्या हातनं ताट पडलं तर तू कानात बोळे घातलेस. घरात बोळे? मी शेडमध्ये घातले न्हाईत ते तू सैपाकघरात घालतीस.

भाची : मला आवाज टोचतात.

मामा : टोचणारच. अंधारात बसलेल्याला ऊन टोचतंय. तुझ्या बाईंना विचार.

भाची : विचारलंय. त्यांनीही हेच सांगितलं की ढोल-ताशा, डीजे, मिक्सर चालू असेल तिथं बोळे घाला, एरवी घालू नका. सतत झाकलेला कान जास्तच हळवा होतो. मला ते अजून जमत नाही.

मामा : मग ते गटातून शिकलीस की काय? एकजण म्हणला कान झाका, लागले सगळे झाकायला.

भाची : एका ताईंनी सांगितलं होतं, हो.

मामा : बघ. रडणारी दहा माणसं जमली की अकराव्याला रडू येतंय.

या आक्षेपाला वजन आहे आणि तो मी सहज सोडून देणार नाही. अशा गटांत एक अडचण मुळातच असते. ज्याला सवय झाली तो यायचा थांबतो. त्याचा आवाज गेलेला नसतो, पण त्याला संध्याकाळी दुसरी कामं असतात. येत राहतो तो अजून होरपळणारा. त्यामुळे नव्याने आलेल्या बाईला समोर फक्त वाईट अवस्थेतली माणसं दिसतात, आणि हेच आपलं पुढचं आयुष्य असं ती समजून बसते. रात्री दोनला मोबाइलवर इतरांच्या कहाण्या वाचत बसलं तर हे आणखी वाढतं. गट चालवायचा तर जुन्या, बऱ्यापैकी रुळलेल्या माणसांना मुद्दाम बोलावून बसवावं लागतं, आणि कुणीतरी जाणता मधोमध असावा लागतो.

पण गटाचं दुसरं देणंही आहे. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये टिनिटसग्रस्तांची संघटना उभी राहिली. तिला पाठबळ देणाऱ्यांत जॅक ॲशली होते. १९६७ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेनंतर हे खासदार पूर्ण बहिरे झाले, तरी पुढची कित्येक वर्षं त्यांनी संसदेत काम केलं. १९८३ मध्ये टायलर आणि बेकर या संशोधकांनी एका स्वमदत गटातल्या माणसांना साधा प्रश्न विचारला की या आवाजामुळे तुम्हाला कोणकोणत्या अडचणी येतात, त्या तुमच्या शब्दांत लिहा. यादीत झोप सगळ्यात वर आली. बोलणं समजत नाही, मन खचतं, लक्ष लागत नाही, हेही आलं. तोवर आवाजाची पट्टी किती आणि मोठेपणा किती हे मोजलं जात होतं. माणसाचं काय होतं, हे माणसं एकत्र बसलेली होती म्हणून एका जागी विचारता आलं.

भाची : मामा, तुम्ही म्हणता तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. शेडमधल्या बाकीच्यांच्या कानांत वाजत नव्हतं?

मामा : सगळ्यांच्याच. कांडीवाल्यापासून मुकादमापर्यंत. माग बंद असले की गल्लीत चहाला जमायचो. एवढी शांतता पडायची की आतलं सगळं वर यायचं. एकजण म्हणायचा, ‘वाजतंय?’ दुसरा म्हणायचा, ‘वाजतंय.’ झालं. पुढं मजुरी, बोनस, तालमीच्या कुस्त्या. ह्याला तू गट म्हणणार असशील तर म्हण.

भाची : म्हणणारच. तुम्ही भ्याला नाहीत, कारण तुमच्या आधी दहा-वीस वर्षं ज्यांच्या कानात वाजत होतं ती माणसं तुमच्यासमोर चहा पीत होती, पोरींची लग्नं करत होती, हसत होती. तुम्हाला कुणी सांगावं लागलंच नाही की याने माणूस मरत नाही. माझ्या शाखेत आम्ही अकराजण. एकाच्याही कानात काही नाही. मी कुणाला सांगितलं की ते म्हणतात, आम्हाला तर काही ऐकू येत नाही. घरी सांगितलं तर मनाचे खेळ म्हणतात. मला चहाच्या टपरीवर कुणी भेटलं नाही, मामा. म्हणून मी शनिवारी बस धरून जाते.

मामा : ...असं मी धरलंच न्हवतं कधी.

भाची : पहिल्या दिवशी एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर होते. त्यांना पंधरा वर्षं झालीत. मी रडत होते, तर ते म्हणाले, ‘पहिलं वर्ष वाईट असतं. दुसऱ्यात मी पुन्हा गाडीवर गेलो.’ एवढंच. डॉक्टरांच्या ‘सवय करून घ्या’पेक्षा वेगळं काय होतं त्यात? पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि त्या रात्री मी चार तास सलग झोपले.

माझं मत मी इथंच सांगून टाकतो, कारण हा लेख तेवढ्यासाठीच लिहिला आहे. ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला खरा आहे, पण तो पेलायला माणसाच्या पायाखाली काहीतरी लागतं. मामांच्या पिढीला ते पेठेने दिलं. एकाच गल्लीत एकसारखे कान असलेली शेकडो माणसं होती. आज हा आवाज कॉल सेंटरमधल्या मुलाला येतो, कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन घेतलेल्या बाईला येतो, क्षयासाठी ॲमिकासिनसारखी इंजेक्शनं घेतलेल्या तरुणाला येतो, वयपरत्वे ऐकू कमी आलेल्या आजोबांना येतो. ती माणसं एकमेकांपासून लांब आहेत. ज्याच्या आसपास कुणी नाही त्याला एकट्यानं सवय करून घ्यायला सांगणं अन्यायाचं आहे.

मामा : बरं, गटाचं सोड. तू उपचाराला पैसे घालतीस म्हणे. गोळ्या?

भाची : गोळ्या नाहीत. गिंको, झिंक, मेलाटोनिन, सगळं विकलं जातं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की यांतलं काही टिनिटससाठी देऊ नये. मी आधी लसणीचं तेलही कोमट करून घालून बघितलं होतं, आईच्या आग्रहाने. आता मी सीबीटी घेते. मानसतज्ज्ञ बोलून बोलून शिकवतात की आवाज आला की मनात काय विचार येतो, त्याने अंगाला काय होतं, त्यातून बाहेर कसं यायचं.

मामा : त्यानं आवाज कमी होतोय?

भाची : नाही.

मामा : मग?

भाची : त्रास कमी होतो. २०२० मध्ये २८ अभ्यास एकत्र करून तपासलं, तर हेच निघालं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला ४९२ जणांवर प्रयोग झाला, २०१२ साली तो छापून आला. कानाची नीट तपासणी आणि त्याला जोडून हा उपचार, ज्यांना जास्त त्रास त्यांना गटात बसवून. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांची तब्येत चांगली सुधारली. आवाज तेवढाच होता, मामा. माणसं सुधारली.

मामा : माझी सुधारलेलीच आहे. मला कशाला हे?

भाची : एक २५ प्रश्नांचा कागद असतो. मी वाचते, तुम्ही हो, नाही, कधीकधी एवढं सांगा. यामुळे झोपेला अडचण येते का?

मामा : पंखा असला तर न्हाई. लिही, कधीकधी.

भाची : चारचौघांत जाण्यातला आनंद कमी झाला आहे का?

मामा : न्हाई.

मामी (आतून) : हो म्हणून लिही. भजनाला जायचं बंद केलंय. पाच वर्षं झाली. टाळ सोसत न्हाईत म्हणतात. लग्नाला गेलं तर गाडीत बसून राहतात. फोन मीच घ्यायचा. दारात कुणी आलं तर मीच बोलायचं.

मामा : ते वयामुळं.

मामी : वयामुळं न्हवं. टीव्ही केवढा मोठा लावतात विचार त्यांना.

भाची : तुम्हाला ऐकू कमी येतं, मामा. म्हणून बोलणं मोठं करावं लागतं आणि मोठा आवाज मात्र लगेच टोचतो. नस खराब झालेल्या कानात असं दोन्ही होतं. टिनिटस असलेल्या पुष्कळांचं ऐकणंही कमी झालेलं असतं, आणि श्रवणयंत्र लावलं की बाहेरचे आवाज पुन्हा आत येतात. मेंदूला स्वतःची खरखर वाढवत बसावं लागत नाही. पुष्कळांना आतला आवाज मागे पडल्यासारखा वाटतो.

मामा : यंत्र लावून गल्लीत फिरू? लोक बहिरा म्हणतील.

मामी : आता काय म्हणतात, माहीत हाय का?

मामांनी आवाजाशी जुळवून घेतलं ही गोष्ट खरी होती. पण त्याची किंमत त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती : भजनाची मंडळी, लग्नातल्या गप्पा, दारातला शेजारी. न बोलता सोसण्याचा हा खर्च सहसा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. इथं तो मामींच्या खात्यावर पडला होता. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आता आवाज कमी करणारे बिनधोट्याचे मागही आले, पण ज्यांचे कान मधल्या काळात गेले त्यांची कुणी मोजदाद ठेवली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेलेला होता. आपल्याला तो झाला आहे हे मामांना कुणी कधी सांगितलं नाही.

मामा : तपासायला कोल्हापूरला यावं लागंल?

भाची : कुठल्याही चांगल्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे सुरुवात करा. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कधी नुसता मळ असतो, काढला की बरं वाटतं. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, सरकारी, १९८३ पासूनची. तिथं तपासणीही होते आणि श्रवणयंत्रंही मिळतात. काही गोष्टी मात्र बघत राहायला नको. आवाज एकाच कानात असेल, नाडीबरोबर ठकठक होत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा एकदम ऐकू येईनासं झालं असेल, तर लगेच जायचं. माझ्यासारखे दहा दिवस घालवायचे नाहीत.

मामा : आणि रात्रीचं काय करतीस? शनिवार आठवड्यातनं एकदाच येतोय.

भाची : सुरुवातीला काही रात्री अशा होत्या की जीव नकोसा वाटला. खोटं बोलत नाही. तेव्हा १४४१६ ला फोन केला. टेलि-मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलतात.

मामा : पोरी, मला फोन करायचास.

भाची : तुम्ही म्हणाला असता, विषय काढू नको.

मामा : ...म्हणालो असतो. आता न्हाई म्हणणार. कधीही कर. माझा फोन मामी उचलंल, पण मी शेजारीच असतो.

भाची : आणि शनिवारी?

मामा : येतो. पण माझी एक अट. सगळा वेळ कानावर बोलायचं न्हाई. थोडं बोला, मग दुसरं काहीतरी. कुस्ती, राजकारण, पावसाचं, काहीही. टपरीवर आम्ही तसंच करायचो.

भाची : हे तुम्हीच तिथं सांगा. मला वाटतं ते सगळ्यांना हवंच आहे.

मामा : आणि मी एकटा येणार न्हाई. आमच्या शेडमधला कांडीवाला आहे, पलीकडच्या गल्लीत. बायको गेल्यापासनं एकटाच असतो. टपरी बंद पडली तसं आमचं भेटणं पण तुटलं. त्याच्या कानात माझ्यापेक्षा जास्त वाजायचं. आज संध्याकाळी जाऊन त्याला सांगतो.

भाची : सांगा. सकाळी आधी दोघांची तपासणी करून घेऊ, मग गटात जाऊ. आणि त्यांना बजावून सांगा, आदल्या रात्री कानात तेल घालायचं नाही. आत काही दिसत नाही मग.